मिनी पीसीवर मॅकओएस : चालते का? चालवावी का?



जेवणाच्या डब्याएवढा छोटा संगणक म्हणजे मिनी पीसी. मॉनिटरच्या मागे स्क्रूने बसवला की टेबलावर जागाही अडत नाही. कंपन्यांनी काही वर्षे वापरून काढलेले असे मिनी पीसी जुन्या संगणकांच्या बाजारात मिळतात. मग कुणीतरी व्हिडिओ पाहून सांगतं, "सर, यावर ॲपलची मॅकओएस टाकता येते. महागडा मॅक घ्यायची गरजच नाही!"

हे खरं की खोटं? तर काही यंत्रांवर ती चालते, काहींवर अर्धवट चालते आणि काहींवर अजिबात चालत नाही. कुठल्या यंत्रावर काय होईल हे नशिबावर अवलंबून नसतं. त्यामागे कारणं असतात आणि ती आधी समजून घेता येतात. शाळेच्या लोकवर्गणीतून किंवा आपल्या पगारातून पैसे खर्च करण्याआधी ही कारणं माहीत असणं फार गरजेचं आहे. शिवाय यात परवानगीचाही एक प्रश्न आहे, तो व्हिडिओत बहुतेक वेळा सांगितला जात नाही. चला तर मग, एकेक मुद्दा पाहू.

१. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा

संगणकाचे दोन भाग आपण वर्गात शिकवतो : हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर. ऑपरेटिंग सिस्टीम हे सगळ्यात मूलभूत सॉफ्टवेअर. ती हार्डवेअरकडून काम करून घेते. पण प्रत्येक सुट्या भागाची "बोली" वेगळी असते. एका कंपनीच्या वाय-फाय कार्डाशी बोलायची पद्धत दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला कळत नाही. म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात.

विंडोज आणि लिनक्स यांना जगातल्या असंख्य कंपन्यांच्या यंत्रांवर चालायचं असतं. त्यामुळे त्यांच्याकडे हजारो दुभाष्यांची फौज असते. मॅकओएसचं तसं नाही. ॲपल स्वतःच संगणक बनवते आणि स्वतःच त्याची ऑपरेटिंग सिस्टीम बनवते. आपल्या मॅकमध्ये जे भाग बसवले, तेवढ्यांचेच दुभाषे तिने पदरी ठेवले. बाकीच्यांची सोय करायची तिला गरजच नव्हती.

आजच्या लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, बरं का! पुढच्या सगळ्या अडचणी यातूनच निघतात.

२. मग हे शक्य तरी कसं झालं?

२००५ पर्यंत मॅकमध्ये पॉवरपीसी नावाचा वेगळ्या जातीचा प्रोसेसर असायचा. जून २००५ मध्ये ॲपलने जाहीर केलं की आता आम्ही इंटेलचे प्रोसेसर वापरणार. जानेवारी २००६ मध्ये पहिले इंटेल मॅक आले. म्हणजे मॅकमध्ये आणि आपल्या साध्या पीसीमध्ये एकाच घराण्यातला प्रोसेसर आला. मग हौशी मंडळींच्या डोक्यात आलं, की आतला मेंदू एकच, तर मॅकची सिस्टीम आपल्या पीसीवर का चालू नये? अशा रीतीने मॅकओएस चालवणाऱ्या बिगर-ॲपल संगणकाला "हॅकिंटॉश" हे नाव पडलं. हॅक आणि मॅकिंटॉश या दोन शब्दांची ती जोड आहे.

ॲपलला अर्थातच हे नको होतं. इंटेल मॅकमध्ये एसएमसी नावाची एक छोटी चिप असते. पंखा, तापमान, वीज यांच्याकडे ती लक्ष ठेवते. मॅकओएस सुरू होताना या चिपकडे एक ठरावीक खूण मागते. खूण मिळाली नाही तर सिस्टीम पुढे सरकत नाही. हौशी प्रोग्रामरांनी या चिपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लिहिलं. त्याचं आजचं प्रचलित रूप म्हणजे व्हर्च्युअलएसएमसी.

३. बटण दाबल्यावर आत काय घडतं?

खरा मॅक आणि हॅकिंटॉश यांच्या सुरू होण्यातला फरक क्रमाने पाहू.

पायरी १ : बटण दाबलं की मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. जुने लोक त्याला बायोस म्हणतात, आजचं नाव यूईएफआय.

पायरी २ : खऱ्या मॅकमध्ये फर्मवेअर थेट मॅकओएसचा लोडर बोलावतं. हॅकिंटॉशमध्ये मध्ये एक मध्यस्थ येतो. पूर्वी कॅमेलिऑन आणि क्लोव्हर हे मध्यस्थ वापरले जायचे. २०१९ पासून ओपनकोअर आला आणि आज तोच जास्त वापरला जातो.

पायरी ३ : ओपनकोअर तीन कामं करतो. पहिलं, "मी अमुक मॉडेलचा मॅक आहे" अशी ओळख तयार करतो. दुसरं, मदरबोर्डच्या माहितीच्या तक्त्यांमध्ये मॅकओएसला समजतील अशा दुरुस्त्या करतो. तिसरं, जास्तीचे दुभाषे सोबत देतो. मॅकच्या दुनियेत या दुभाष्यांना केक्स्ट म्हणतात.

पायरी ४ : यानंतर मॅकओएसचा गाभा सुरू होतो आणि एकेक भाग शोधायला लागतो.

लक्षात घ्या, ओपनकोअर हे सगळं मेमरीत करतो. डिस्कवरच्या मॅकओएसच्या फाइलींना तो हात लावत नाही. त्याच्या सगळ्या सूचना एका फाइलीत लिहिलेल्या असतात. ती फाइल प्रत्येक यंत्रासाठी वेगळी लागते. दुसऱ्याच्या यंत्राची तयार फाइल उचलून आपल्या यंत्रात टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावण्यासारखं आहे. दिसेल थोडंफार, पण डोकं दुखेल.

४. अडचणी नेमक्या कुठे येतात?

*ग्राफिक्स* : ही सगळ्यात मोठी अडचण. मिनी पीसीत वेगळं ग्राफिक्स कार्ड बहुधा नसतं, प्रोसेसरच्या पोटातलंच ग्राफिक्स वापरावं लागतं. ॲपलने इंटेलच्या १० व्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर मॅकमध्ये वापरले आणि तिथेच थांबली. त्यामुळे ११ व्या पिढीपासून पुढच्या ग्राफिक्सचा दुभाषा मॅकओएसमध्ये नाही. दुभाषा नसला तरी पडद्यावर चित्र येऊ शकतं, पण खिडकी सरकवली तरी ती अडखळत सरकते आणि व्हिडिओ एडिटिंग तर विसराच. सेलेरॉन आणि पेंटियम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचीही तीच गत आहे.

दुभाषा असला तरी एक गंमत होते. ॲपलच्या ड्रायव्हरमध्ये "कुठल्या क्रमांकाच्या वाटेवर कुठला पोर्ट आहे" याचा तक्ता असतो. तो तक्ता मॅकच्या पोर्टप्रमाणे बनवलेला असतो. आपल्या मिनी पीसीवर त्या वाटेवर एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट असेल, तर सिस्टीम चालू असूनही पडदा काळाच राहतो. व्हॉटेव्हरग्रीन नावाच्या केक्स्टच्या मदतीने तो तक्ता दुरुस्त करावा लागतो.

*वाय-फाय* : अनेक मिनी पीसींत इंटेलचं वाय-फाय कार्ड असतं. ॲपलने मॅकमध्ये इंटेलचं वाय-फाय कधी वापरलंच नाही, म्हणून दुभाषाही नाही. हौशी मंडळींनी ओपनबीएसडी या मुक्त सिस्टीममधल्या ड्रायव्हरच्या आधारे एक ड्रायव्हर तयार केला. त्याने इंटरनेट चालतं, पण एअरड्रॉपसारख्या सोयी मिळत नाहीत. दुसरा उपाय म्हणजे ब्रॉडकॉमचं कार्ड बसवणं. पण २०२३ मध्ये आलेल्या सोनोमा आवृत्तीत ॲपलने जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचा आधार काढून टाकला. ज्यांनी मुद्दाम ते कार्ड विकत घेऊन बसवलं होतं, त्यांच्यापुढे नवा प्रश्न उभा राहिला.

*केबलचं इंटरनेट* : इथे जरा बरं आहे. इंटेल आणि रिअलटेकच्या बऱ्याच चिपसाठी केक्स्ट उपलब्ध आहेत. मिनी पीसीवर प्रयोग करणारे म्हणूनच आधी केबल जोडतात.

*आवाज* : बऱ्याच पीसींत रिअलटेकची ध्वनी-चिप असते. एकच चिप वेगवेगळ्या बोर्डांवर वेगवेगळ्या प्रकारे जोडलेली असते. योग्य मांडणीचा क्रमांक शोधेपर्यंत हेडफोनमध्ये आवाज येतो, पण माइक मुका राहतो, असे प्रकार घडतात.

*यूएसबी* : मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ च पोर्ट मोजते. तुम्ही म्हणाल, "मिनी पीसीला तर सहाच भोकं आहेत!" पण यूएसबी ३ चं एक भोक आतमध्ये दोन पोर्ट म्हणून मोजलं जातं, एक जुन्या वेगाचा आणि एक नव्या वेगाचा. शिवाय ब्लूटूथ आतल्या आत यूएसबीवरच जोडलेलं असतं आणि बोर्डवर न वापरलेले पोर्टही नोंदलेले असतात. म्हणून कुठले पोर्ट ठेवायचे याचा नकाशा करावा लागतो. नकाशा चुकला तर संगणक "झोपत" नाही किंवा झोपला तर उठत नाही.

*साठवण* : स्वस्त मिनी पीसींत ईएमएमसी प्रकारची साठवण असते. ती मॅकओएसला दिसतच नाही. एसएसडींतही सगळ्या सारख्या नाहीत. सॅमसंगची पीएम९८१ ही एसएसडी विंडोजवर उत्तम चालते, पण मॅकओएसवर सिस्टीम कोसळण्यासाठी ती प्रसिद्ध आहे. ही एसएसडी कंपन्यांच्या तयार संगणकांत बसवून येत असे, त्यामुळे जुन्या मिनी पीसीत ती सापडण्याची शक्यता असते.

५. चार यंत्रांचं उदाहरण

आता शिकलेलं वापरून पाहू.

यंत्र अ : लेनोवो थिंकसेंटर एम७२०क्यू. यात इंटेल कोअर आय५-८५००टी हा ८ व्या पिढीचा प्रोसेसर मिळतो, ग्राफिक्स यूएचडी ६३०. आता नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेला खरा मॅक मिनी पाहा. त्यात कोअर आय५-८५००बी आणि ग्राफिक्स तेच, यूएचडी ६३०. दोघे चुलत भाऊच म्हणा ना! म्हणून या जातीची यंत्रं हॅकिंटॉशवाल्यांच्या आवडीची आहेत. डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो आणि एचपी एलिटडेस्क मिनीची त्याच पिढीची मॉडेलं याच गटातली.

यंत्र ब : इंटेलचा ११ व्या पिढीचा एनयूसी. तो यंत्र अ पेक्षा नवा आहे, पण त्याचं आयरिस एक्सई ग्राफिक्स कुठल्याच मॅकमध्ये नव्हतं. म्हणून मॅकओएसपुरता तो जुन्या यंत्रापेक्षा वाईट.

यंत्र क : एन१०० प्रोसेसरचा स्वस्त, नवाकोरा मिनी पीसी. विंडोज किंवा लिनक्ससाठी छान, वीजही कमी खातो. मॅकओएससाठी मात्र ग्राफिक्सचा दुभाषा नाही.

यंत्र ड : एएमडी रायझन प्रोसेसरचा मिनी पीसी. ॲपलने एएमडीचा प्रोसेसर मॅकमध्ये कधी वापरला नाही. त्यामुळे सिस्टीमच्या गाभ्यालाच मेमरीत ठिगळं लावावी लागतात. पोटातल्या ग्राफिक्ससाठी पुन्हा हौशी मंडळींच्या ड्रायव्हरवर अवलंबून राहावं लागतं.

यातून विद्यार्थ्यांना एक छान गोष्ट सांगता येते : "नवीन म्हणजे चांगलं" हे दरवेळी खरं नसतं. कशासाठी चांगलं, हे आधी विचारावं लागतं.

६. आज चाललं, उद्या काय?

समजा आठवडाभर खपून सगळं जमलं. पुढे अपडेट येतं. खऱ्या मॅकवर अपडेट म्हणजे बटण दाबून चहा प्यायला जाणं. इथे तसं करून चालत नाही. आधी सगळ्या डेटाची प्रत काढायची, ओपनकोअर आणि केक्स्टच्या नव्या आवृत्त्या पाहायच्या, पेनड्राइव्हवर सुरू करून तपासायचं, आणि मगच पुढे जायचं. ॲपल एखादा जुना ड्रायव्हर काढून टाकते तेव्हा हॅकिंटॉशवाल्यांना विचारत नाही. २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून एनव्हिडियाच्या अनेक कार्डांचे दरवाजे असेच बंद झाले.

अपडेटच करायचं नाही असं ठरवलं तर? मग सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. ज्या यंत्रावर विद्यार्थ्यांची माहिती, निकालपत्रकं किंवा बँकेचे व्यवहार आहेत, तिथे हा धोका पत्करणं योग्य नाही.

७. परवानगीचा प्रश्न

मॅकओएस फुकट डाउनलोड होते, मग अडचण काय, असं काहींना वाटतं. पण फुकट असणं आणि कुठेही वापरायची मुभा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅकओएसच्या वापराच्या करारात ती फक्त ॲपलच्या नावाच्या संगणकावरच वापरावी असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आपण "मान्य आहे" वर क्लिक करतो, तेव्हा हेच मान्य करतो.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात सायस्टार नावाची कंपनी होती. २००८ मध्ये तिने मॅकची सिस्टीम टाकलेले आपले संगणक विकायला काढले. त्याच वर्षी जुलैमध्ये ॲपलने खटला भरला. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायालयाने ॲपलच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबरमध्ये विक्रीवर कायमची बंदी आली आणि २०११ मध्ये अपील न्यायालयानेही ती कायम ठेवली. तो खटला विकणाऱ्या कंपनीवर होता, घरी प्रयोग करणाऱ्यावर नव्हता. तरीही करारातली अट दोघांनाही लागू आहे.

आपण शिक्षक आहोत. शाळेच्या संगणकावर आपण काय टाकतो, ते मुलं पाहत असतात. कॉपीराइट, परवाना, प्रामाणिकपणा हे शब्द आपणच फळ्यावर लिहितो. त्यामुळे शाळेच्या किंवा शासनाच्या यंत्रावर हा प्रयोग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मिनी पीसीवर "मॅकओएस टाकून देतो" म्हणून पैसे घेणाऱ्यांपासूनही सावध राहा. फाइल त्याने बनवलेली, चावी त्याच्याकडे, आणि बिघडल्यावर तो फोन उचलेलच असं नाही.

८. या वाटेचा शेवट दिसतो आहे

जून २०२० मध्ये ॲपलने इंटेल सोडून स्वतःच्या चिप वापरायचं जाहीर केलं. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचे मॅक आले, त्यात मॅक मिनीही होता. २०२३ मध्ये मॅक प्रो बदलला आणि हे स्थलांतर पूर्ण झालं.

या नव्या चिप एआरएम जातीच्या आहेत. इथे अडचण दुभाष्याची राहत नाही, ती त्याहून खोल जाते. प्रोसेसरला मिळणाऱ्या आज्ञाच वेगळ्या आहेत. मोडी न येणाऱ्याच्या हातात मोडीतला कागद दिला तर शब्द मराठी असूनही त्याला वाचता येणार नाही, तसं हे आहे. एआरएमसाठी लिहिलेली मॅकओएस इंटेलच्या मिनी पीसीला वाचताच येत नाही.

२०२५ मध्ये आलेली टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची मोठी आवृत्ती आहे, हे ॲपलने जाहीर केलं आहे. टाहोच्या यादीत इंटेलचे फक्त चार मॅक आहेत आणि आपला २०१८ चा मॅक मिनी त्यात नाही. त्याच्यासाठी २०२४ ची सिकोया ही शेवटची. म्हणजे यंत्र अ सारख्या चुलत भावाचं भवितव्यही काय आहे ते वेगळं सांगायला नको.

९. मग आपण काय करावं?

आधी स्वतःला विचारा : मला मॅकओएस नक्की कशासाठी हवी आहे?

• व्हिडिओ आणि आवाजाचं एडिटिंग करायचं असेल, तर केडेनलाइव्ह, शॉटकट, ऑडॅसिटी ही मोफत सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्सवर चालतात. शैक्षणिक व्हिडिओसाठी ती पुरेशी आहेत.

• जुना मिनी पीसी जलद करायचा असेल, तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाका. परवान्याची चिंता नाही, मराठी टायपिंग होतं आणि ब्राउझरमधली आपली सगळी ऑनलाइन कामंही होतात.

• ॲपलची स्विफ्ट ही प्रोग्रामिंग भाषा शिकायची असेल, तर ती २०१५ पासून मुक्त आहे, लिनक्सवरही चालते. आयफोनचं ॲप बनवून पूर्ण करायला मात्र एक्सकोड लागतं आणि ते मॅकवरच चालतं. तिथे वापरलेला एम१ मॅक मिनी शोधणं हा सरळ मार्ग.

• संगणक आतून कसा चालतो हे शिकण्याची ओढ असेल, तर हे सगळं वाचा, समजून घ्या. यातून फर्मवेअर, ड्रायव्हर, पोर्ट यांचं जे ज्ञान मिळतं ते कुठल्याही सिस्टीमवर कामाला येतं. लिनक्सवर हीच विद्या परवानगीने आणि उघडपणे शिकता येते.

थोडक्यात

मॅकओएस मिनी पीसीवर चालणं हे त्या यंत्रातले भाग ॲपलने कधी वापरले होते का, यावर ठरतं. ८ व्या ते १० व्या पिढीचं योग्य इंटेल ग्राफिक्स असेल तर ती चालू शकते, त्यापुढे गाडी अडते. चालली तरी प्रत्येक अपडेटला परीक्षा असते, करारात परवानगी नाही आणि पुढचा रस्ता बंद होतो आहे. म्हणून पैसे देण्याआधी यंत्राची पिढी पाहा, आपली गरज पाहा आणि मगच ठरवा.

स्वाध्याय

१. तुमच्या शाळेतल्या किंवा घरच्या एका संगणकाचा प्रोसेसर, ग्राफिक्स, वाय-फाय कार्ड आणि साठवणीचा प्रकार शोधून वहीत लिहा.
२. यंत्र ब नवं असूनही मॅकओएससाठी यंत्र अ पेक्षा वाईट का, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
३. "फुकट मिळतं" आणि "वापरायची परवानगी आहे" यातला फरक रोजच्या जीवनातलं एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.

उत्तरं वर्गात चर्चेला घ्या. तिसऱ्या प्रश्नावर मुलं काय बोलतात ते नीट ऐका, कधी कधी ती आपल्यापेक्षा सरळ उत्तर देतात.